मुंगूस, कंदील आणि एक मुके अक्षर

वसुबारसेची संध्याकाळ होती आणि आमच्या गॅलरीत आकाशकंदील लावण्याचा समारंभ चालला होता. समारंभ अशासाठी म्हणते की, स्टुलावर एकजण, स्टूल धरायला दोघे आणि सूचना करायला उरलेले सगळे घर, अशी आमच्याकडची जुनी पद्धत आहे. माझी नात वायर हातात धरून उभी होती. ती इंग्रजी शाळेत सातवीत शिकते. तिने एकदम विचारले, "आजी, याला लँटर्न म्हणतात ना? मग आपण कंदील का म्हणतो?"

मी म्हटले, "अग, हा कंदील आणि तुमची ती कँडल ही एकाच घरातली भावंडे आहेत. लॅटिन भाषेत 'कांदेला' नावाची त्यांची आजी होती. तिचे एक नातवंड ग्रीकांच्या आणि अरबांच्या घरी राहून फिरत फिरत आपल्याकडे आले. दुसरे इंग्लंडात गेले. आता इतक्या वर्षांनी ती दोघे आपल्याच गॅलरीत भेटताहेत."

नातीने माझ्याकडे टक लावून पाहिले. "पण तू तर केमिस्ट्री शिकवायचीस. हे तुला कुणी शिकवलं?"

स्टुलावरून सूचना आली, कंदील लागला, सगळ्यांनी तो खालून, वरून, रस्त्यावरून पाहिला, आणि नातीचा प्रश्न तसाच राहून गेला. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र तो पुन्हा आठवला. हे मला कुणी शिकवले? ज्यांनी शिकवले, त्यांच्या तासाला बसताना पहिल्या दिवशी माझ्या पोटात गोळा आला होता. आणि त्याच तासाने पुढे आमच्या घरातले एक तीस वर्षांचे जुने दुखणे बरे केले. ती हकीकत सांगण्याजोगी आहे.

मी वाईची. कृष्णेचा घाट, ढोल्या गणपती आणि वेदपाठशाळा यांचे ते गाव. आमचे अण्णा बाजारपेठेत एका अडत दुकानात दिवाणजी होते. गूळ, हळद, शेंगा यांची आवक-जावक आणि गावोगावच्या शेतकऱ्यांची उधारी त्यांच्या वह्यांत असे. अक्षर मोत्यासारखे, हिशेबात पैची चूक नाही. पण स्वभावाने अबोल. ते नॉनमॅट्रिक होते. गरिबीमुळे शिक्षण अर्ध्यावर सुटले, असे आई आम्हाला सांगे. अण्णा त्यावर काही बोलत नसत.

आमच्या शाळेत इंग्रजीची ओळख आठवीत होई. ओळख कसली, दुरून नमस्कार! तर्खडकरांची भाषांतरमाला, पाठ केलेली क्रियापदे आणि परीक्षेसाठी घोकलेले निबंध, एवढ्यावर मी अकरावीची एस.एस.सी. झाले. गणितात आणि शास्त्रात मात्र चांगले गुण मिळाले, आणि १९६६ च्या जून महिन्यात पुण्याच्या एका कॉलेजात सायन्सला माझे नाव घातले गेले. सदाशिव पेठेत मावशीकडे राहायचे ठरले. निघताना अण्णा एस.टी. स्टँडवर आले होते. गाडी सुटता सुटता खिडकीशी येऊन म्हणाले, "बाकीच्या विषयांची काळजी नाही. इंग्रजी सांभाळ." एवढेच. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. पण मी मुलूखभर स्वप्ने घेऊन निघाले होते, तिकडे कशाला लक्ष देते!

घरात ठरले होते ते असे: पहिले वर्ष पास झाले तर पुढचे पाहू. नापास झाले तर परत यायचे आणि मग स्थळे पाहायला सुरुवात. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. खाली दोन भाऊ होते आणि दिवाणजींच्या पगाराला मर्यादा होती.

सायन्सच्या मुलांना इंग्रजी हा विषय म्हणजे जेवणाच्या पानातले कडू कारले वाटे. सक्तीचा म्हणून घ्यायचा. वरच्या वर्गातल्या मुलींनी आधीच सांगून ठेवले होते, की तो तास झोपेचा. प्रोफेसर वाचत जातात आणि आपण समासात फुले काढत बसायचे. मला झोपेची चिंता नव्हती. चिंता होती ती कुणी उभे करून प्रश्न विचारील याची. वर्गात कॉन्व्हेंटमधून आलेली पंधरावीस मुलेमुली होती. ती आपसांत खडाखडा इंग्रजी बोलत, आणि आम्ही सातारा-नगर-सोलापूरकडची मंडळी 'स्टेशन' म्हणावे की 'इष्टेशन', या विचारात गप्प बसत असू.

पहिल्या दिवशी सर आले. बंद गळ्याचा कोट, हातात छत्री, खांद्याला कापडी पिशवी. हजेरी झाली. आता इंग्रजीचा धबधबा सुरू होणार म्हणून आम्ही माना खाली घातल्या. तोच सर स्वच्छ मराठीत म्हणाले, "आज पुस्तक उघडायचे नाही. आज घरी गेल्यावर स्वयंपाकघरात उभे राहा आणि परक्या भाषेतून आलेले शब्द टिपून आणा. दहा तरी पाहिजेत. ज्याला बोलायला संकोच वाटेल त्याने लिहून आणले तरी चालेल."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. इंग्रजीच्या तासाला स्वयंपाकघर!

दुसऱ्या दिवशी जी मौज झाली ती आजही डोळ्यांसमोर आहे. कॉन्व्हेंटच्या मुलांनी कप, स्टोव्ह, टेबल असे शब्द आणले होते. सरांनी ते फळ्यावर मांडले आणि म्हणाले, "हे तर दारावरची पाटी वाचण्यासारखे झाले. आत कोण राहते ते सांगा." मग एकेक शब्द त्यांनी पुढे ओढला. बटाटा हा आपला नव्हे. पोर्तुगीज 'बटाटा' म्हणत, इंग्रजांनी त्याच्याच भावंडाचा 'पोटॅटो' केला. पाव पोर्तुगीजांचा. कपाटाची चावी त्यांचीच, पाण्याची बालदीही त्यांची. महिन्याअखेर ज्याची वाट पाहतो तो पगारही त्यांच्याकडून आला. पेरू तर गंमतच. पोर्तुगीज भाषेत 'पेरा' म्हणजे नासपती. आपण ते नाव दुसऱ्याच फळाला देऊन टाकले! सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात इतके परदेशी पाहुणे ठाण मांडून बसले आहेत, हे ऐकून माझ्या शेजारची मुलगी कुजबुजली, "आमच्या आजीला सांगितलं तर ती पुन्हा अंघोळ करील."

मग सर म्हणाले, "आता उलट हिशेब. इंग्रजांच्या घरात आपले काय काय आहे?" वर्ग गप्प. तेव्हा त्यांनी सांगितले, की डोक्याला लावायचा शांपू आपल्या चंपीच्या घराण्यातला, 'लूट' शब्द त्यांनी आपल्याकडूनच उचलला, 'बंगलो' हा बंगाली धाटणीच्या घराचा. आणि शेवटी फळ्यावर मोठ्या अक्षरात 'मंगूज' लिहून ते थांबले. "हा प्राणी ओळखलात? हे आपले मुंगूस. हिंदीतून नव्हे, संस्कृतातून नव्हे, इंग्रजी कोशकार सांगतात की हा शब्द मराठीतून घेतला. सतराव्या शतकात इकडे आलेल्या इंग्रजांनी तो नेला." मग कॉन्व्हेंटमधल्या एका मुलाला उभे करून त्यांनी विचारले, "गूसचे अनेकवचन काय?" तो म्हणाला, "गीस." "मग मंगूजचे?" तो जरा घुटमळून म्हणाला, "मंगीस." सर हसले. "चुकलात. मंगूजेस. गूस हे त्यांच्या घरचे पाखरू, त्याला घरचा नियम. मुंगूस वाईच्या नाहीतर कराडच्या बांधावरचे. त्याला तो नियम लागू नाही."

'वाईच्या' हा शब्द ऐकताच मी चमकले. हजेरीच्या वेळी त्यांनी प्रत्येकाचे गाव विचारले होते, ते त्यांच्या ध्यानात राहिले होते. त्या क्षणी वर्गातली एक अदृश्य भिंत जराशी खचली. ज्या भाषेचे आपण सदा देणेकरी अशी माझी समजूत होती, तिच्याकडे माझेही काही येणे निघते, ही कल्पनाच नवी होती.

याचा अर्थ माझे इंग्रजी लगेच सुधारले असा मात्र नव्हे. ऑगस्टमध्ये चाचणी झाली. 'आगगाडीचा प्रवास' हा घोकलेला निबंध मी एकही स्वल्पविराम न चुकवता उतरवून काढला. शंभरात अठ्ठावीस गुण मिळाले. निबंधाखाली तांबड्या शाईत शेरा होता. तो वाचायला मी पेपर घेऊन टेबलापाशी गेले, तेव्हा सर हळू आवाजात म्हणाले, "हा प्रवास तुम्ही केलेला दिसत नाही. वाईला तर रेल्वेच नाही. तुम्ही पाहिलेले काहीतरी लिहा. चुका झाल्या तरी चालतील, त्या तुमच्या असतील."

मला अहोजाहो करणारे ते पहिलेच वडीलधारे. त्या 'तुम्ही'नेच मी निम्मी विरघळले. त्या रात्री मावशीच्या माजघरात बसून मी कृष्णेच्या पुराविषयी लिहिले. पाणी एकेक पायरी चढत देवळाला कसे लागते, घाटावरच्या बायका कपडे धुण्याच्या दगडांची आठवण काढत कशा उभ्या असतात, आणि अण्णा दुकानातल्या वह्या कशा माळ्यावर चढवतात. जेमतेम वीस वाक्ये झाली. क्रियापदे सगळी भूतकाळात हवीत, तर माझी निम्मी वर्तमानकाळात वाहत होती. सरांनी सगळ्या चुका दुरुस्त केल्या आणि शेवटी लिहिले, 'आता मला वाईचा पूर दिसला.' इंग्रजीतले ते एवढेसे वाक्य मी किती वेळा वाचले असेल, कोण जाणे.

तेव्हापासून मी एक रिवाज ठेवला. दर रविवारी अण्णांना पत्र लिहायचे आणि आठवड्यात इंग्रजीच्या तासाला काय झाले ते मराठीत सांगायचे. अण्णांचे उत्तर पोस्टकार्डावर येई: सर्व क्षेम, प्रकृतीस जपावे, पैसे पाठविले आहेत. इंग्रजीच्या मजकुराविषयी चकार शब्द नसे. मला वाटे, त्यांना त्यात काय गोडी असणार!

सप्टेंबरात सरांनी स्पेलिंगचा विषय काढला. स्पेलिंग म्हणजे मराठी मुलांचा जन्माचा वैरी. जे बोलत नाहीत ते लिहायचे कशाला? सर म्हणाले, "कारण पूर्वी ते बोलत असत. 'नाइफ'मधला के एके काळी उच्चारला जाई. 'नाइट'मधले जी-एच हे घशातून काढलेल्या ख सारखे होते. पुढे जीभ आळसावली, पण लिपी जागच्या जागी राहिली. कॅक्स्टनने १४७६ साली इंग्लंडात छापखाना आणला, आणि छापील अक्षर हळूहळू दगडासारखे झाले. बोलणे वाहत राहिले, लिहिणे थिजले." मग १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्याची हकीकत आली. चरायला नेणारा मेंढपाळ इंग्रज, म्हणून जिवंत मेंढीला इंग्रजी 'शीप'. ताटावर बसणारा सरदार फ्रेंच बोलणारा, म्हणून शिजल्यावर तिचे फ्रेंच 'मटन' झाले. एका प्राण्याच्या दोन नावांत सगळी समाजव्यवस्था! इतिहासाच्या तासालाही इतके जागे मी कधी बसले नव्हते.

"पण सगळीच मुकी अक्षरे अशी खानदानी नाहीत," सर पुढे म्हणाले. "काही पंडितांनी मागाहून घुसडलेली आहेत." आणि त्यांनी फळ्यावर 'डेट' लिहिले. डी-ई-बी-टी. कर्ज. "हा शब्द इंग्रजांनी फ्रेंचांकडून घेतला तेव्हा त्यात बी नव्हता. त्यांचा आदिकवी चॉसर १४०० साली वारला. त्याच्या काळी बी नाही. पुढे विद्वानांना लॅटिनचे वेड लागले. मूळ लॅटिन शब्दात बी आहे, तेव्हा आपल्या शब्दातही तो दिसला पाहिजे, म्हणून त्यांनी तो बसवला. 'डाउट'मधल्या बीचीही तीच कथा. 'आयलंड'मधला एस तर केवळ गैरसमजाने आला. तेव्हा ज्या मुलांनी शाळेत हा बी गाळला असेल त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. त्यांची संगत चॉसरशी आहे."

वर्ग हसला. सरांनी हात वर केला. "हसू नका. तुमच्या वडिलांची पत्रे काढून बघा. नांव, कांहीं, घरांत, केलें. डोक्यावर टिंबेच टिंबे. ती उच्चारता का? चार वर्षांपूर्वी, १९६२ साली, मराठी साहित्य महामंडळाने ती काढून टाकली. एके काळी त्या जागी नाकातला स्वर होता. तो गेला, खूण राहिली. मौज अशी की त्याच १९६२ साली इंग्लंडात बर्नार्ड शॉचे एक नाटक नव्या लिपीत छापले गेले. शॉ १९५० साली वारला, तो इंग्रजी स्पेलिंगला इतका कंटाळला होता की नवी वर्णमाला तयार करण्यासाठी मृत्युपत्रात पैसे ठेवून गेला. त्यांची लिपी चालली नाही, आपली टिंबे मात्र गेली."

रविवारी हे सगळे मी अण्णांना लिहिले. टिंबांवरून त्यांची थोडी थट्टाही केली. नेहमीप्रमाणे आठवड्याने उत्तर आले. पण ते पोस्टकार्ड नव्हते. चारी बाजूंनी खळ लावून चिकटवलेले आंतर्देशीय पत्र होते. माझ्या काळजात धस्स झाले. घरी कुणाला काही झाले नाही ना? पत्र मी अजून जपून ठेवले आहे. त्यातला मजकूर असा:

"चि. बेबीस अनेक उत्तम आशीर्वाद. तुझें पत्र पोंचलें. डेट या शब्दांतील बी विषयीं लिहिलेंस तें दोनतीन वेळां वाचलें. सन १९३३ सालीं इंग्रजी तिसरींत असतां मीं हा शब्द बी वांचून लिहिला. मास्तरांनीं बांकावर उभें केलें व सहा छड्या दिल्या. तेव्हांपासून त्या विषयाची जी धास्ती बसली ती गेली नाहीं. पुढें मॅट्रिकला तीनदां बसलों. बाकीचे विषय सुटले, इंग्रजी सुटलें नाहीं. गरिबीमुळें शिक्षण सोडलें असें मीं सर्वांस सांगत आलों, तें खरें नव्हे. तुझ्या आईसहि हें ठाऊक नाहीं. तुझ्या सरांनीं सांगितलें तें कोठें छापलेलें आहे काय, तें विचारावें. पत्र वाचून फाडून टाकावें."

मी मावशीच्या न्हाणीघराचे दार लावून रडले. एस.टी. स्टँडवर खिडकीशी येऊन अण्णा जे बोलले होते, त्याचा अर्थ मला आत्ता कळत होता. त्या वेळच्या मॅट्रिकला इंग्रजीवाचून सुटका नसे. इंग्रजीत जो अडला तो दारातच अडला. ज्या माणसाने जन्मभर गावाची उधारी एकहाती सांभाळली, त्याचे स्वतःचे दार 'उधारी' याच अर्थाच्या एका शब्दापाशी बंद होऊ लागले होते. पत्र मी फाडले नाही. वडिलांची एवढी एकच आज्ञा मी मोडली आहे.

दिवाळीला घरी गेले. अण्णा काही बोलले नाहीत, मीही बोलले नाही. लक्ष्मीपूजनाला दुकानात नव्या वह्यांची पूजा झाली. कोऱ्या पानावर त्यांनी 'श्री' काढला आणि दौत माझ्याकडे सरकवत हळूच म्हणाले, "विचारलंस का?"

मी विचारले होते. सर म्हणाले होते, "छापलेले आहे. पण सांगण्यापेक्षा दाखवीन. वडील कधी पुण्याला आले तर घेऊन या."

दिवाळीनंतर दर शनिवारी तास संपल्यावर सरांनी शेक्सपिअरचे 'ज्यूलियस सीझर' वाचायला घेतले. ते आमच्या अभ्यासाला नव्हते, हजेरी नव्हती, परीक्षाही नव्हती. पहिल्या शनिवारी आम्ही नऊजण होतो. सीझरच्या खुनानंतरच्या दोन भाषणांपाशी आलो तेव्हा खोलीत बाक पुरेनात. सरांनी दाखवून दिले, की ब्रूटस गद्यात बोलतो, मुद्दे मांडतो आणि लोकांनी ऐकले असे समजून निघून जातो. अँटनी पद्यात बोलतो, मुद्दा मांडतच नाही, प्रेत दाखवतो, मृत्युपत्र दाखवतो आणि परत खिशात घालतो. ब्रूटसचे भाषण त्यांनी कॉन्व्हेंटच्या त्याच मंगीसवाल्या मुलाला इंग्रजीत दिले. अँटनीचे भाषण नगरकडच्या एका लाजाळू मुलाला दिले आणि सांगितले, "तुझ्या गावच्या चावडीवर उभा आहेस असे समज. मराठीत बोल."

त्या मुलाने सुरुवातीला घाम पुसला. मग असा काही रंगला! "ब्रूटसभाऊ मोठा माणूस, आपण लहान. ब्रूटसभाऊ म्हणतोय म्हणजे खरंच असणार." प्रत्येक फेरीला तो 'मोठा माणूस' असा काही उच्चारी, की तिसऱ्या वेळी त्याचा अर्थ 'लबाड' झाला होता. शब्द तोच, अर्थ नेमका उलटा. आम्ही टाळ्या पिटल्या. सर मात्र गंभीर होते. त्यांनी पुढचा लहानसा प्रवेश वाचून दाखवला. खवळलेला जमाव सिन्ना नावाच्या कवीला पकडतो. कटातल्या एकाचे नाव तेच असते. मी तो नव्हे, मी कवी, असे तो परोपरीने सांगतो. तरी लोक त्याला सोडत नाहीत. "मघाशी टाळ्या वाजवणारे आपणच होतो," एवढेच बोलून सरांनी पुस्तक मिटले. १५९९ सालचे ते नाटक. पुढच्या आयुष्यात कितीतरी सभा ऐकल्या, निवडणुकांची भाषणे ऐकली. टाळीसाठी हात वर जातो आणि दर वेळी तो बिचारा कवी आठवतो.

जानेवारीत अण्णा दुकानाच्या कामासाठी पुण्याला, भवानी पेठेत आले. दुपारी मी त्यांना कॉलेजात घेऊन गेले. डोक्याला टोपी, अंगात धुतलेला कोट, हातात छत्री. फाटकापाशी ते थबकले. म्हणाले, "नको, राहू दे. तू जाऊन ये." मी हात धरून आत नेले.

सर ग्रंथालयात होते. अण्णांना पाहताच उठून उभे राहिले. "या, बसा." अण्णा म्हणाले, "साहेब, मी उभाच बरा." सर म्हणाले, "साहेब गेले १९४७ साली. मी मास्तर. बसा." मग ते उठून कपाटाकडे गेले आणि ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाचा एक जाडजूड खंड दोन्ही हातांनी घेऊन आले. हा कोश पुरा व्हायला १९२८ साल उजाडले. मरे नावाचे त्याचे संपादक १९१५ सालीच वारले होते. प्रत्येक शब्द कोणत्या शतकात कसा लिहीत, ते त्यात ओळीने दिलेले असते. सरांनी पान काढले आणि बोट ठेवले.

अण्णांनी खिशातून चष्मा काढला. वही तपासावी तसे ते ओळीवरून बोट नेऊ लागले. इंग्रजी अक्षरे लावायला त्यांना वेळ लागत होता. सर मध्ये बोलले नाहीत, मीही बोलले नाही. डी, ई, टी, टी, ई. अण्णांचे बोट तिथे थांबले. "बी नाही," ते म्हणाले.

"नाही," सर म्हणाले.

"मागाहून घातला."

"मागाहून."

अण्णांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा एकदा तीच ओळ पाहिली. मग खंड मिटून दोन्ही हातांनी त्याला नमस्कार केला, वहीपूजनाच्या दिवशी करत तसा. सरांनी चहा मागवला. दोघे हळदीच्या भावावर आणि वाईच्या पाठशाळेवर अर्धा तास बोलत बसले. छड्यांविषयी अण्णा बोलले नाहीत. सरांनी विचारले नाही. फाटकाबाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, "मास्तरांचं वय काय असेल ग?" मी म्हटले, "तुमच्याएवढं असेल." ते काही पावले गप्प चालले आणि म्हणाले, "आम्हाला असा कुणी भेटायला हवा होता." मग जणू फारच बोललो असे वाटून त्यांनी छत्री उघडली. आभाळात ढगाचा पत्ताही नव्हता.

त्या वर्षी मला इंग्रजीत एक्कावन्न गुण पडले. फार नाहीत, पण पुढची वर्षे शिकायला पुरले. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि शाळेत तीस वर्षे तो विषय शिकवला. मुलगा चुकला म्हणजे आधी विचारी, की ही चूक तुझी स्वतःची आहे की घोकलेली? स्वतःची असली तर तिच्यात शिकवायला काहीतरी सापडतेच.

अण्णा १९८९ साली गेले. त्यांच्या ट्रंकेत माझी रविवारची पत्रे निघाली, त्याचे नवल वाटले नाही. नवल वाटले ते त्याखालच्या लाल बासनातल्या लहानशा वहीचे. पहिल्या पानावर 'श्री' आणि खाली खात्याचे नाव: इंग्रजी. दिवाणजींच्या शिस्तीने पानाचे दोन भाग पाडले होते. जमेच्या बाजूला त्या भाषेकडून आपल्याकडे आलेले शब्द, नावेच्या बाजूला आपल्याकडून गेलेले. प्रत्येक नोंदीपुढे माझ्या पत्राची तारीख. जमेची बाजू भरगच्च होती: तिकीट, डझन, पलटण, अर्दली. नावेच्या बाजूला शांपू होता, लूट होती आणि ठळक अक्षरात मुंगूस होते. 'डेट' हा शब्द कुठल्याच बाजूला नव्हता. तो समासात एकटा लिहिलेला होता, बी गाळून. आणि पुढे शेरा होता, 'हिशेब फिटला.' वहीच्या अखेरीस बेरीज मारलेली नव्हती. 'बाकी पुढें ओढली' असे लिहून पान कोरे सोडले होते. त्या 'पुढें'वर टिंब होते.

आता दिवस बदलले. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. माझ्या नातीला इंग्रजीची भीती म्हणजे काय हे ठाऊक नाही, आणि ते चांगलेच आहे. तिला उलट मराठीतला ऱ्हस्व-दीर्घ भिववतो. तेव्हा या दिवाळीत मी ती लाल वही तिच्या हातात दिली.

तिने सगळी पाने उलटली, बराच वेळ त्या समासातल्या शब्दाकडे पाहिले, आणि मग दिवाणजींच्या पणतीला शोभेल असा प्रश्न विचारला. "आजी, कंदील कुठल्या बाजूला लिहायचा? तो तर इंग्रजांनी दिलेला नाही."

मी म्हटले, "मग नवे खाते उघड. पान कोरे आहे."

तिने पेन घेतले आणि गॅलरीतल्या उजेडात वहीच्या कोऱ्या पानावर आधी 'श्री' काढला.